अपराजित मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो

जुन्या पिढीचा वीर थोर की नव्या पिढीचा, हा वाद फार पुरातन आहे. आमच्याकडे आखाड्याच्या काठावर बसलेली वृद्ध मंडळी गामा पहिलवानापुढे पुढच्या साऱ्या मल्लांस फिके मानतात आणि तरुण मंडळींस ते मुळीच पटत नाही. अमेरिकेत हाच वाद मुष्टियुद्धाविषयी चालत आला आहे. भिन्न काळांतील दोन जगज्जेते एकमेकांसमोर उभे राहिले असते तर कोण जिंकला असता? ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत, त्याच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा उभा राहिला. एकदा तो खऱ्या ठोशांनी सुटला, एकदा लटक्या ठोशांनी. त्यांपैकी कोणत्या प्रसंगी खरे उत्तर मिळाले, हे वाचकांनीच शेवटी ठरवावे.

रॉकी मार्सियानो ह्याचे मूळ नाव रॉको फ्रान्सिस मार्केजियानो. त्याचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, ब्रॉक्टन गावी झाला. हे गाव जोडे तयार करण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. त्याचे आईबाप इटलीतून आलेले. पिता पहिल्या महायुद्धात विषारी वायूने पीडित झालेला असून, तशाच प्रकृतीने जोड्यांच्या कारखान्यात राबत असे. सहा भावंडांत रॉको वडील. तान्हेपणी न्युमोनियाने तो मरणाच्या दारातून परत आला. पुढे तो अंगापिंडाने दणकट झाला आणि त्याचे सारे लक्ष बेसबॉल खेळण्याकडे लागले. शाळा त्याने अर्ध्यावरच सोडली (ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अनुकरणार्थ घेऊ नये) आणि खड्डे खणणे, कोळसा वाहणे, कारखान्यात मजुरी करणे अशी मिळतील ती कामे केली. १९४३ साली त्यास सैन्यात जावे लागले व तेथे तो मुष्टियुद्ध खेळू लागला.

तरीही मनात बेसबॉलच होता. १९४७ साली शिकागो कब्ज ह्या नामांकित संघाकडे तो परीक्षेसाठी गेला. परंतु काही आठवड्यांतच त्यास परत पाठविण्यात आले. ज्याची बालपणापासून आस धरली, ते दार असे बंद झाले, आणि तेविशी उलटल्यावर त्याने मुष्टियुद्ध हाच आपला धंदा ठरविला.

ह्या धंद्यास लागणारे गुण त्याच्याजवळ फारसे नव्हते. उंची सुमारे ५ फूट १० इंच, म्हणजे हेवीवेट ह्या सर्वांत वजनदार वर्गात ठेंगणाच. हात आखूड, पाय मंद, पवित्रा ओबडधोबड. चार्ली गोल्डमन नावाच्या अनुभवी वस्तादाने त्यास शिष्य केले, आणि ह्या वस्तादाचे शहाणपण असे की, त्याने ह्या ठेंगण्या मुलास उंच मल्लांची नक्कल करावयास लावले नाही. उलट त्यास आणखी वाकून, आणखी ठेंगणे होऊन, प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालून आत शिरावयास शिकविले. जे वैगुण्य होते तेच हत्यार झाले. बाकीची उणीव शिष्याने मेहनतीने भरून काढली. दररोज मैलोगणती धावणे, मोजके खाणे, सामन्यापूर्वी कित्येक आठवडे घरदार सोडून शिबिरात राहणे, ह्यांत त्याने कधी खंड पडू दिला नाही. त्याचे आडनाव पुकारणाऱ्यांच्या जिभेस वळेना, म्हणून ते आटोपशीर करून मार्सियानो झाले, व त्याच नावाने जग त्यास ओळखू लागले.

मुष्टियुद्धाची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. ३० डिसेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे कारमाइन विंगो ह्या तरुणाशी त्याचा सामना झाला. सहाव्या फेरीत विंगो कोसळला तो बेशुद्धच झाला, व कित्येक दिवस जीवनमरणाच्या सीमेवर होता. तो वाचला, परंतु पुन्हा कधी रिंगणात उतरू शकला नाही. मार्सियानोच्या मनास ह्या प्रसंगाने मोठा धक्का बसला. डोक्यास वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूस कायमची इजा होते, हे आता वैद्यकशास्त्राने निःसंशय दाखविले आहे. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्यास बेशुद्ध पाडणे हाच विजय, त्या खेळाची स्तुती आम्हांस बेतानेच करावी लागते.

आता पहिला प्रसंग. जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता. त्याने आपले पद २५ वेळा राखले. मार्सियानोच्या पिढीतील मुलांचा तो आदर्श होता. निवृत्तीनंतर सरकारी कराची मोठी बाकी अंगावर आल्यामुळे त्यास पुन्हा रिंगणात उतरावे लागले, आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो मार्सियानोसमोर उभा राहिला. लुई तेव्हा ३७ वर्षांचा, मार्सियानो २८ वर्षांचा. आठव्या फेरीत लुई दोनदा पडला. दुसऱ्या खेपेस तर दोरांमधून बाहेर गेला, आणि पंचांनी सामना थांबविला. दोन काळांतील दोन वीर प्रत्यक्ष भिडले होते व निकाल स्वच्छ लागला होता. परंतु जिंकणारा आनंदाने नाचला नाही. तो लुईच्या खोलीत गेला आणि रडला. आपण ज्यास हरविले तो लुई नव्हे, लुईची उतरती सावली आहे, हे त्याच्याइतके कोणास कळणार?

पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९५२ रोजी, फिलाडेल्फिया येथे जर्सी जो वॉलकॉट ह्या जगज्जेत्याशी त्याची गाठ पडली. पहिल्याच फेरीत मार्सियानो जन्मात प्रथमच खाली पडला. बारा फेऱ्या होईपर्यंत गुणांत तो मागेच होता. तेराव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा वॉलकॉटच्या हनुवटीवर बसला आणि पद त्याच्याकडे आले. त्याने ते सहा वेळा राखले. १९५४ साली एझार्ड चार्ल्सशी झालेल्या दुसऱ्या सामन्यात त्याचे नाक इतके फाटले की, सामना थांबविला जाण्याची पाळी आली होती. त्याने आठव्या फेरीतच विजय मिळविला. २१ सप्टेंबर १९५५ रोजी आर्ची मूरला हरविल्यावर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही. २७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण सामने ४९, विजय ४९. त्यांपैकी ४३ विजय प्रतिस्पर्ध्यास लढण्यास असमर्थ करून मिळविलेले. विसाव्या शतकातील कोणत्याही हेवीवेट जगज्जेत्याची कारकीर्द अशी निष्कलंक राहिली नाही. १९५९ साली परत येण्याचा मोह त्यास झाला. महिनाभर मेहनत करून त्याने तो विचार सोडला. लुईची ती संध्याकाळ तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे असावी, असे आम्हांस वाटते.

दुसरा प्रसंग १९६९ सालचा. मरी वोरोनर नावाच्या गृहस्थाने जाणकारांकडून जुन्यानव्या योद्ध्यांचे गुणदोष मागवून ते संगणकात भरण्याची युक्ती काढली होती. १९६७ साली त्याने नभोवाणीवर असे काल्पनिक सामने ऐकविले. त्यांत अंतिम सामना मार्सियानोने १९१९ ते १९२६ ह्या काळातील जगज्जेता जॅक डेम्प्सी ह्याच्याविरुद्ध जिंकला. मुहम्मद अली मात्र शतकाच्या आरंभीच्या जिम जेफ्रीजकडून हरल्याचे दाखविले गेले. त्यामुळे संतापून अलीने कोर्टात दावा लावला. अखेर तडजोड होऊन अली आणि मार्सियानो ह्यांच्या काल्पनिक सामन्याचा चित्रपट करण्याचे ठरले. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे अलीस त्या वेळी सामने खेळण्याची बंदी होती. मार्सियानो ४५ वर्षांचा. त्याने पुष्कळ वजन उतरविले व डोक्यावर टोप चढविला. दोघांनी एकेक मिनिटाच्या कित्येक फेऱ्या लटक्या ठोशांनी खेळल्या व निरनिराळे शेवट चित्रित झाले. खरा शेवट कोणता, हे दोघांसही सांगितले नव्हते.

मार्सियानोस तो कधी कळलाच नाही. चित्रीकरण संपल्यावर थोड्याच आठवड्यांनी, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आयोवा प्रांतात न्यूटन गावाजवळ एक लहान विमान कोसळून तो मरण पावला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखविला गेला. अमेरिकेतील प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत अलीस पडताना पाहिले. युरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र विजयी अली होता.

एकाच सामन्याचे दोन निकाल! ह्यात यंत्राचा दोष नव्हे. यंत्राने आकडे मोजले. पण ते आकडे म्हणजे माणसांची मतेच होती. शिवाय काळाबरोबर खेळच बदलतो. मार्सियानोच्या काळी जगज्जेतेपदाचा सामना १५ फेऱ्यांचा असे, आता १२ फेऱ्यांचा असतो. त्याचे वजन १८५ पौंडांच्या आसपास. आता २०० पौंडांपर्यंतच्या योद्ध्यांसाठी क्रूझरवेट हा निराळा वर्ग आहे, आणि हेवीवेट वर्गात त्याच्याहून कितीतरी वजनदार पुरुष उतरतात. ज्या माणसास एका काळातून उपटून दुसऱ्या काळात लावावयाचे, त्यास कोणता आहार, कोणता वस्ताद, कोणते नियम द्यावयाचे, हे कोण ठरविणार?

हा वाद केवळ रिंगणापुरता नाही. आमच्या वेळी असे होते, असे म्हणून पालक मुलांस मापतात. आणि नव्या युगाच्या साधनांनी मुले आईबापांस मापतात. दोन्ही मापे लुईस मार्सियानोसमोर उभे करण्यासारखी आहेत. मार्सियानोस आखूड हात मिळाले, बेसबॉलने नकार दिला, वय थोडे उशिराचे होते. आणि त्याच्या काळात जे ४९ सामने त्याच्या वाट्यास आले, ते त्याने पूर्ण तयारीने खेळले. अलीशी तो खरोखर कधीच लढला नाही. ज्याच्याशी लढला त्या पराभूत वीरासाठी मात्र त्याने अश्रू ढाळले. त्या दोन प्रसंगांपैकी आम्हांस दुसरा विसरता येईल, पहिला नाही.