वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा धनी : गार्सिया द ओर्ता

पणजी शहराच्या मध्यभागी, मेरी इमॅक्युलेट चर्चच्या समोर जे उद्यान आहे, ते गार्सिया द ओर्ता यांच्या नावाने ओळखले जाते. पोर्तुगीज भाषेत ‘ओर्ता’ या उच्चाराचा अर्थ मळा असा होतो. ज्या वैद्याने आपल्या भूमीतील झाडांना युरोपच्या ग्रंथालयात स्थान मिळवून दिले, त्याची आठवण बागेच्या रूपाने उरावी हे उचितच होय. कारण त्याची समाधी मात्र कोठेही उरलेली नाही.

ओर्ता यांचा जन्म इ.स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हीद या गावी झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये ज्यूंची स्पेनमधून हकालपट्टी झाली, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. परंतु तेथेही १४९७ मध्ये सक्तीचा बाप्तिस्मा वाट्याला आला. अशा घराण्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्याकडे सदैव संशयाने पाहिले जाई. गार्सिया यांनी सालामांका आणि आल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले, काही काळ लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले आणि १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा यांच्या आरमाराबरोबर ते गोव्यात आले. ते परत गेलेच नाहीत. पुढे त्यांनी आपल्या आईला आणि बहिणींनाही येथे आणवले.

गोव्यात त्यांचा वैद्यकीचा व्याप मोठा होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्यांचे येणे-जाणे असे. तेथील हकिमांशी चर्चा करून त्यांनी औषधींची अरबी नावे आणि गुणधर्म जाणून घेतले. येथील वैद्यांकडून, व्यापाऱ्यांकडून आणि घरच्या नोकरचाकरांकडूनही ते शिकत राहिले. ग्रीक आचार्यांनी लिहिले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणून एखादी गोष्ट मानावी, हा त्यांचा दंडक होता.

१५५० च्या दशकात त्यांना मुंबई बेट वार्षिक खंडाने मिळाले. त्या काळी मुंबई म्हणजे नारळीची बने, भातशेती आणि कोळीवाडे. या बेटावर ओर्ता यांच्या मालकीचे आंब्याचे एक झाड होते आणि ते वर्षातून दोनदा फळ देई. एक बहर मेअखेरीस, सर्वांच्या बरोबरीने. दुसरा भलत्याच वेळी. मेमधील फळ वासाने व चवीने सरस होते, पण दुसऱ्याचे मोल ते हंगामाबाहेर येते म्हणून होते, असा न्याय त्यांनी दोन्ही बहरांना दिला आहे. ही आंब्याची टोपली मुंबईहून होडीने गोव्यात येते आणि गव्हर्नरांना भेट म्हणून जाणार असते, असा प्रसंगच त्यांच्या ग्रंथात आहे.

आंबा लावणाऱ्याला या नोंदीचे महत्त्व सहज कळेल. बाठ्यापासून उगवलेले प्रत्येक रायवळ झाड स्वतंत्र स्वभावाचे असते. आईचे गुण त्यात उतरतीलच असे नाही. एका वर्षी भरभरून फळलेले झाड पुढच्या वर्षी बहुधा विश्रांती घेते. अशा जातीत वर्षातून दोनदा फळणारे झाड विरळाच. आणि ते ओळखायचे तर एका झाडाकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. कैरीचे लोणचे कसे घालतात, भाजलेला बाठा अतिसारावर कसा उपयोगी पडतो, हेही ओर्ता यांनी नोंदवले. फणस, जांभूळ, नारळ, केळी यांचीही त्यांनी अशीच दखल घेतली.

हे सारे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातच छापून प्रसिद्ध झाले. ग्रंथाची रचना संवादरूप आहे : युरोपातून नुकताच आलेला रुआनो हा कल्पित मित्र प्राचीन ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता प्रत्यक्ष अनुभवाने त्याचे शंकासमाधान करतात. महाकवी कामोइश यांची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे. मुद्रणदोष पुष्कळ होते. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियुस यांनी १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि गोव्याची झाडे युरोपभर पोहोचली.

परंतु १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, सुरू झाले होते. १५६८ मध्ये ओर्ता वारले. त्यानंतर १५६९ मध्ये त्यांची बहीण कातारिना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, जिवंत जाळण्यात आले. मृतालाही सूट नव्हती. १५८० मध्ये ओर्ता यांच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या.

ज्या सत्तेच्या सरदारांना आणि गव्हर्नरांना त्यांनी औषध दिले, त्याच सत्तेच्या छत्राखाली हे घडले. अस्थींची राख झाली. ग्रंथ मात्र तोवर समुद्रापार गेला होता आणि त्याला कोणी जाळू शकले नाही. पुढे गोव्यात आंब्याच्या कलमांची परंपरा बहरली. मानकुराद, मुसराद, फेर्नांदिन ही नावे घरोघरी झाली. मुंबईतील ते दुबार फळणारे झाड केव्हाच नाहीसे झाले. त्याचे दोन्ही बहर साडेचारशेहून अधिक वर्षे टिकले आहेत ते एका माणसाने ते पाहिले आणि जसे पाहिले तसे लिहून ठेवले म्हणून.