पंडिता रमाबाई

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांपुढे वीस वर्षांची एक मराठी तरुणी अस्खलित संस्कृत बोलली. तिच्या विद्वत्तेचा गौरव म्हणून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. त्या रमाबाई होत. दुष्काळात त्यांचे आईवडील मरण पावले होते. भूक म्हणजे काय हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरीही बुद्धीला न पटणारी गोष्ट त्यांनी आपल्या धर्मगुरूंपुढेही मुकाट्याने मान्य केली नाही.

अशा मानी रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या व उपासमारीने खंगलेल्या मुलींना आपल्या आश्रयास घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्या मुलींना आईची माया मिळाली. पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी साध्या स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले.

येशू ख्रिस्ताने गुरू असूनही शिष्यांचे पाय धुतले होते. त्याला अनुसरणाऱ्या रमाबाईंची मान विद्वानांपुढे ताठ राहिली. अनाथांपुढे मात्र ती आनंदाने लवली. तेज आणि नम्रता त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.