डोकं बर्फावर आपटलं आणि जीव गेला, तरी हेल्मेट सक्तीचं व्हायला ११ वर्षं लागली

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायात स्केट्स, हातात स्टिक आणि समोरून सुसाट येणारा धिप्पाड गडी. या खेळात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं.

बिल मास्टर्टनचा जन्म १९३८ साली कॅनडातल्या विनिपेगचा. खेळात हुशार, अभ्यासातही हुशार. अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठाने १९६० आणि १९६१ असं सलग दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता.

पण तेव्हा एनएचएल या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये संघ होते फक्त सहा. चांगले चांगले खेळाडू खालच्या लीगमध्येच घासत राहायचे. मास्टर्टनचंही तेच झालं. शेवटी त्याने फायनान्समध्ये मास्टर्स केलं आणि मिनियापोलिसला हनीवेल कंपनीत नोकरी धरली. बायको, दोन मुलं, पगार, सगळं मार्गी लागलेलं.

१९६७ मध्ये लीगने एकदम सहा नवे संघ घेतले. त्यातल्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्सने त्याला बोलावलं. गडी २९ वर्षांचा, बसलेली घडी मोडून गेला. ११ ऑक्टोबरला संघाच्या इतिहासातला पहिला गोल त्यानेच मारला.

तीन महिने झाले.

१३ जानेवारी १९६८. ओकलंड सील्सविरुद्धचा सामना. मास्टर्टनने पास दिला आणि त्याच क्षणी दोन प्रतिस्पर्धी त्याच्यावर आदळले. तो मागच्या मागे पडला, डोकं थेट बर्फावर. साधारण ३० तासांनी, १५ जानेवारीला तो गेला. सामन्यात झालेल्या दुखापतीने थेट मृत्यू झालेला एनएचएलचा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे.

डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कारण हेल्मेट घालणारा भित्रा, असा समज होता. १९३३ मध्ये एस बेलीची कवटी फुटली होती, तो कसाबसा वाचला, तरी हा समज काही हलला नव्हता.

पण गोष्ट फक्त हेल्मेटची नाही. त्या सामन्याआधी काही दिवस मास्टर्टनचं डोकं दुखत होतं. २०११ मध्ये टोरोंटो स्टारने त्याच्या वैद्यकीय नोंदी डॉक्टरांना दाखवल्या. आधीच मेंदूला मार बसलेला असावा आणि त्यावर दुसरा बसला, असं त्यातून पुढे आलं. हे जास्त महत्त्वाचं, कारण हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत हलणाऱ्या मेंदूला पूर्ण थांबवू शकत नाही. पहिला मार बरा होईपर्यंत खेळाडूला बाहेर बसवणं, हाच त्यावरचा उपाय.

मणक्याचं तर आणखी वेगळं. पाठीमागून ढकललं आणि खेळाडू डोक्यावर कडेच्या फळीला धडकला, तर मान मोडू शकते. तिथे हेल्मेट काहीच करू शकत नाही. म्हणून पाठीमागून धडक देण्यावर नियमांनी बंदी आली. डोक्याला न दिसणाऱ्या बाजूने मारलेल्या धडकेवर एनएचएलने नियम केला तो थेट २०१० मध्ये.

मास्टर्टनच्या नावाने मात्र त्याच वर्षी, १९६८ मध्ये, पुरस्कार सुरू झाला. हेल्मेटची सक्ती १९७९ ला आली, तीही फक्त नव्याने करार करणाऱ्यांना. जुन्यांना सूट होती. त्यातला शेवटचा, क्रेग मॅकटॅव्हिश, १९९७ ला निवृत्त झाला. तोवर तो उघड्या डोक्यानेच खेळत होता.