भुईमुगाचे उपासक : कार्व्हर

अमेरिकेतील मिसूरी राज्यात १८६४ च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म एका गुलाम मातेच्या पोटी झाला. काबाडकष्ट करीत त्यांनी कृषिशास्त्राची उच्च पदवी संपादिली. १८९६ साली ते अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांच्या विद्यालयात अध्यापक झाले. सतत कापूस पिकवून तेथील जमीन निःसत्त्व झाली होती. शेतकरी अर्धपोटी राहत. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र बांधून ठेवतात, त्यामुळे जमिनीचा कस सुधारतो. दाण्यांत तर प्रथिने व तेल विपुल असते. हे जाणून कार्व्हरांनी त्या पिकाचा प्रसार केला. १९१६ साली त्यांनी शेंगदाण्यांच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. १९४३ साली ते निवर्तले. भुकेली माती आणि भुकेला माणूस, दोघांनाही पोसणारे रोप त्यांनी दाखविले.