अंध कवयित्री क्रॉस्बीबाई

पुष्कळ वृद्ध मंडळी म्हणतात कीं, आतां वय झालें, पाठांतर मुलांनीं करावें. त्यांनीं अमेरिकेंतील फॅनी क्रॉस्बीबाईंचें चरित्र ध्यानांत घ्यावें.

त्यांचा जन्म न्यूयॉर्क संस्थानांत ता. २४ मार्च १८२० रोजीं झाला. सहा आठवड्यांच्या असतांना डोळे आले, त्यांवर मोहरीचें पोटीस बांधिलें, आणि दृष्टि गेली ती त्यामुळेंच असें घरचीं माणसें समजत. लवकरच वडील वारले. आई लोकांच्या घरीं काम करूं लागली व मुलगी आजीजवळ वाढली. आजीनें तिला शास्त्रवचनें तोंडानें शिकविलीं. पुढें आठवड्यास पांच अध्याय पाठ करण्याचा नेम झाला. पंधराव्या वर्षापर्यंत मोशेचीं पांच पुस्तकें, चारी शुभवर्तमानें, नीतिसूत्रें व पुष्कळ स्तोत्रें तिला मुखोद्गत झालीं.

१८३५ सालीं ती न्यूयॉर्क शहरांतील अंधशाळेंत गेली. तेथें ती गायन-वादन शिकली व पुढें तेथेंच शिक्षिका झाली. १८५८ सालीं एका अंध संगीतज्ञाशीं तिचा विवाह झाला. त्यांचें एकुलतें मूल तान्हेपणींच वारलें.

१८६४ पासून उपासनेचीं गीतें रचणें हेंच बाईंचें मुख्य काम झालें. त्या कडवीं मनांतच रचीत, मनांतच सुधारीत, व मग दुसऱ्याकडून लिहवून घेत. १८६८ सालीं डोनसाहेब त्यांच्या घरीं आले. आगगाडीस चाळीसच मिनिटें उरलीं होतीं. त्यांनीं एक चाल वाजविली आणि तेवढ्या वेळांत बाईंनीं गीत सांगितलें. मूल गमावलेल्या मातांस त्या गीतानें फार धीर दिला. बाईंचीं एकंदर गीतें ८,००० हून अधिक भरतात.

१९०२ सालीं पति वारले, तेव्हां बाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. तरी रचना थांबली नाहीं. १९०६ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. ता. १२ फेब्रुवारी १९१५ रोजीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

पाठांतरानें किंवा गायनानें विस्मृतीचा रोग हटकून टळतो असें नाहीं. परंतु गातांना कान, वाणी, स्मृति व भावना एकत्र राबतात, आणि इतर पुष्कळ विसरलेल्या वृद्धांसही जुनी चाल अनेकदां आठवते, असें हल्लींचे वैद्य सांगतात. यास्तव उपदेशकबंधूंनीं मंडळींतील म्हाताऱ्यांस कोपऱ्यांत बसवूं नये. त्यांस एक कडवें चालीवर शिकवावें, दुसरे दिवशीं तेंच त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें, व मग पुढलें द्यावें. ज्यांस अक्षर येत नाहीं, त्यांसही हें साधेल. बाईंनीं तरी आपले पाठ कानानेंच घेतले होते.