काउंट झिंझेंडॉर्फ आणि हेर्नहूटची मंडळी

मंडळीत मतभेद का असावेत, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण विचारीत असतात. वसतिगृहात एका पंक्तीस जेवणाऱ्या मुलांपैकी एकाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असतो, तर दुसरा स्वतः विश्वास पत्करल्यावर पाण्यात उतरून बाप्तिस्मा घ्यावयाचा म्हणून थांबलेला असतो. एकाच्या घरी छापील प्रार्थनाक्रमावाचून उपासना होत नाही, तर दुसऱ्याच्या घरी मनात येईल तशी केलेली प्रार्थना हीच खरी, असे मानतात. देव एक, तारणारा एक, पवित्र शास्त्र एक. मग इतके भेद का, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. ह्या प्रश्नाचा काथ्याकूट न करता, ज्या पुरुषाने आपले आयुष्य ह्याच प्रश्नापायी वेचले, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे, असा आमचा विचार आहे.

निकोलस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ यांचा जन्म जर्मनीतील सॅक्सनी संस्थानाच्या राजधानीत, ड्रेस्डेन येथे, २६ मे १७०० रोजी झाला. घराणे सरदारांचे असून काउंट ही पदवी त्यांस वंशपरंपरेने मिळाली होती. मूल अवघे सहा आठवड्यांचे असतानाच वडील वारले. पुढे आईने पुनर्विवाह केला व मुलाचे संगोपन आजीच्या हाती आले. ही आजी मोठी विदुषी व देवभीरू बाई होती. तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, आणि प्रभु येशू हा आपला भाऊ व सोबती आहे, ही भावना बालपणीच ह्या मुलाच्या मनात दृढ झाली.

त्या काळी जर्मनीतील लूथरच्या मंडळीत दोन तट पडले होते. धर्ममत अचूक पाहिजे, असा एकाचा आग्रह. अंतःकरण पालटले पाहिजे, असा दुसऱ्याचा. दुसऱ्या पक्षास भक्तिपंथी म्हणत, व हाले हे शहर त्यांचे मुख्य ठाणे होते. तेथे ऑगुस्ट हेरमान फ्रांक ह्या थोर पुरुषाने अनाथाश्रम व शाळा चालविल्या होत्या. दहाव्या वर्षी झिंझेंडॉर्फ यांस ह्या शाळेत पाठविण्यात आले. आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रांकेबार येथे १७०६ साली जे मिशन स्थापन झाले, त्याचा हालेशी निकट संबंध होता. तेथील समाचार फ्रांकच्या घरी ह्या विद्यार्थ्याच्या कानी पडत, आणि परदेशी सुवार्ता नेण्याचे वेड त्यास तेथेच लागले.

पुढे १७१६ साली कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांस विटेनबर्ग येथे धाडले. विटेनबर्ग हे विरुद्ध पक्षाचे ठाणे. दोन्हीकडचे शिक्षण लाभल्यामुळे दोन्हीकडे सज्जन आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. वय लहान असताही दोन्ही विद्यापीठांतील पंडितांची भेट घडवून समेट करावा, असा उद्योग त्यांनी मांडला. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांनी तो थांबविला. ऐक्यासाठी केलेला त्यांचा हा पहिला यत्न असा फुकट गेला. नंतर देशपर्यटनास निघाले असता पॅरिस येथे रोमन कॅथलिक मंडळीचे कार्डिनल द नोआय यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. दोघांची मते जुळली नाहीत. तथापि मैत्री मात्र टिकली.

१७२१ साली ते ड्रेस्डेन येथे सरकारी नोकरीत शिरले. पुढील वर्षी त्यांनी आजीकडून बर्थेल्सडॉर्फ नावाचा गाव विकत घेतला आणि एर्डमूथ डोरोथेआ ह्या सुशील स्त्रीशी विवाह केला. घरखर्च व जमीनजुमला यांचा भार ह्या बाईंनी इतक्या दक्षतेने वाहिला, की त्यांच्यावाचून पुढील कार्य उभेच राहिले नसते.

याच वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. शेजारच्या मोरेविया प्रांतात यान हूस यांच्या अनुयायांचे वंशज राहत होते. हूस यांस १४१५ साली जाळून मारण्यात आले होते. त्यांच्या मागून १४५७ साली बंधुसंघ नावाची मंडळी स्थापन झाली. सतराव्या शतकात राज्यकर्त्यांनी ती चिरडून टाकली, पण काही कुटुंबांनी आपली भक्ती गुप्तपणे जतन केली होती. ख्रिस्तियन डाविड नामक एका सुताराने अशा काही कुटुंबांस रातोरात सीमेपार आणले. काउंटच्या जमिनीवर आश्रय मिळताच १७ जून १७२२ रोजी त्याने पहिले झाड तोडून घर बांधण्यास आरंभ केला. ह्या वसाहतीस हेर्नहूट, म्हणजे प्रभूच्या पहाऱ्याखालील ठिकाण, असे नाव पडले.

हेर्नहूटची कीर्ती पसरली, तसे नाना मतांचे लोक तेथे येऊ लागले. मोरेवियाचे बंधू होते, लूथरपंथी होते, कॅल्व्हिनची शिकवण मानणारे होते, आणि कोणत्याही मंडळीत न सामावणारेही होते. धर्मासाठी छळ सोसून आलेल्या मनुष्यास आपले मत प्राणापलीकडे प्रिय असते. जे मत रक्षण्यासाठी घरदार सोडले, ते शेजाऱ्यासाठी किंचित तरी का सोडावे, असे त्यास वाटते. मोरेवियाच्या बंधूंस वाडवडिलांची मंडळी व तिची शिस्त पुन्हा पाहिजे होती. काउंट व गावचे पाळक योहान रोथे हे तर लूथरपंथी होते. इतक्यात क्रुगर नावाचा एक मनुष्य तेथे आला व लूथरची मंडळी म्हणजे भ्रष्ट बाबेल होय, असे शिकवू लागला. खुद्द काउंट म्हणजे प्रकटीकरणातील श्वापद होय, असेही त्याने सांगितले. पुष्कळांनी, अगदी ख्रिस्तियन डाविडनेसुद्धा, त्यावर विश्वास ठेवला. ज्यांनी घरे बांधण्यास जमीन घेतली, तेच जमीन देणाऱ्यावर उलटले.

येथे काउंटच्या हाती सत्ता होती. दंगेखोरांस हाकून लावणे त्यांस सहज शक्य होते, व इतर जमीनदारांनी तेच केले असते. त्यांनी तसे केले नाही. १७२७ साली ते दरबारच्या कामातून मोकळे होऊन कुटुंबासह हेर्नहूट येथे राहावयास आले. घरोघर जाऊन ते एकेकाशी बसले, त्याची तक्रार ऐकली, त्याच्याबरोबर शास्त्र वाचले व प्रार्थना केली. १२ मे १७२७ रोजी त्यांनी सर्वांस जमवून फुटीर वृत्तीच्या पापाविषयी दीर्घ भाषण केले आणि वसाहतीचे नियम व बंधुत्वाचा करार त्यांच्यापुढे ठेवला. लोकांनी हात देऊन तो मान्य केला व आपणांतून बारा वडील निवडले.

ह्या कराराचा आशय लक्षात घेण्यासारखा आहे. सर्वांनी अमुकच मत धरावे, अशी त्यात अट नव्हती. इतर मंडळ्यांतील देवाच्या लेकरांवर प्रीती करावी, मत भिन्न म्हणून कोणास दोषी ठरवू नये, आणि कोणाविषयी किंतु आल्यास प्रथम त्याच्याशीच बोलावे, अशा प्रकारची कर्तव्ये त्यात सांगितली होती. दोन्ही पक्षांनी काही सोडले. मोरेवियाच्या बंधूंनी गावच्या लूथरपंथी देवळाशी संबंध कायम ठेवला. काउंटने त्यांस त्यांची स्वतःची शिस्त व सभा चालविण्याची मोकळीक दिली. त्याच उन्हाळ्यात झिटाऊ येथील ग्रंथालयात काउंटला कोमेनियस यांनी प्रसिद्ध केलेले जुन्या बंधुसंघाचे नियम सापडले. ते आपल्या कराराशी किती जुळतात हे पाहून सर्वांस मोठे आश्चर्य वाटले.

१३ ऑगस्ट १७२७ रोजी बर्थेल्सडॉर्फच्या देवळात सर्वजण प्रभुभोजनास एकत्र आले. तेथे पवित्र आत्म्याने त्यांची अंतःकरणे अशी हलविली, की काल एकमेकांचे तोंड न पाहणारे गळ्यात पडून रडले. तो दिवस मोरेवियन मंडळी आपल्या नव्या जन्माचा दिवस मानते. पुढे त्याच महिन्यात चोवीस पुरुष व चोवीस स्त्रिया यांनी दिवसरात्रीचा एकेक तास वाटून घेऊन प्रार्थना आरंभिली, व ती साखळी शंभर वर्षे चालली.

ज्या मंडळीचे भांडण मिटले, तिला जगाकडे पाहण्यास सवड मिळाली. १७३१ साली कोपनहेगन येथे काउंटची गाठ अँटन नावाच्या एका कृष्णवर्णी गुलामाशी पडली. वेस्ट इंडीजमधील आपल्या बांधवांची दैना त्याने त्यांस सांगितली. ती ऐकून १७३२ साली लेओनार्ड डोबर हा कुंभार व डाविड निच्मान हा सुतार असे दोघे हेर्नहूटहून सेंट थॉमस बेटाकडे निघाले. १७३३ साली ग्रीनलंडकडे माणसे गेली. ह्याच मंडळीचे मिशनरी १८५६ साली हिमालयातील केलाँग येथे व १८८५ साली लडाखातील लेह येथे स्थायिक झाले. बंगालमध्ये आलेल्या विल्यम केरी यांसही ह्या बंधूंच्या उदाहरणाने उत्तेजन मिळाले होते.

ह्या चरित्रास दुसरी बाजूही आहे, व ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १७३६ साली विरोधकांच्या तक्रारींवरून काउंटला सॅक्सनीतून हद्दपार व्हावे लागले. १७४७ पर्यंत त्यांस परत येता आले नाही. १७३९ साली सेंट थॉमस येथे जाऊन त्यांनी तुरुंगात पडलेल्या आपल्या बंधूंची सुटका केली. परंतु गुलामांस मात्र मालकांच्या आज्ञेत राहण्याचाच उपदेश केला. पंथापंथांतील भिंत ज्यांस सहन होईना, त्यांस मालक व गुलाम यांमधील भिंत तशी खुपली नाही, ही त्यांच्या जीवनातील मोठी उणीव होय. १७४२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया येथे त्यांनी निरनिराळ्या जर्मन पंथांच्या सात सभा भरविल्या. आरंभी अनेक पंथांचे लोक आले. पण हा आपणांस गिळंकृत करील अशी शंका येऊन, आणि काउंटच्या सरदारी तोऱ्यामुळेही, एकेक पंथ मागे सरला. सत्तेच्या जोरावर जे हेर्नहूट येथे केले नव्हते, तेच येथे नकळत होऊ लागले होते.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. १७४४ च्या सुमारास त्यांनी असा विचार मांडला, की निरनिराळ्या मंडळ्या म्हणजे देवाने आपल्या लेकरांस शिकविण्याच्या निरनिराळ्या रीती होत. लूथरपंथीयाने लूथरपंथी राहावे, कॅल्व्हिनपंथीयाने आपली रीत पाळावी, आणि तारणाऱ्याच्या ठायी दोघांनी एक असावे. ९ मे १७६० रोजी हेर्नहूट येथेच त्यांचा अंत झाला.

आमच्या महाराष्ट्रातही हा प्रश्न अपरिचित नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व प्रौढांचाच मानणारे, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती लोक तीत एका मंडळीत आले, व दोन्ही रीतींस तीत स्थान मिळाले. कागदावरचा हा करार प्रत्येक गावच्या मंडळीत रोजच्या आचरणाने खरा करावा लागतो, हे पालकवर्गास आम्ही सांगावयास नको. वडिलांच्या निवडणुकीवरून किंवा उपासनेच्या वेळेवरून दोन घरांचे जाणेयेणे बंद पडते, आणि मुले ते पाहत असतात.

विद्यार्थिमित्रांनो, झिंझेंडॉर्फ यांनी हेर्नहूट येथे वादात कोणास जिंकले नाही. ज्याने आपणांस श्वापद म्हटले, त्याचे ऐकणाऱ्यांच्या दारी ते स्वतः चालत गेले, आणि समोरच्यास काही मागण्यापूर्वी आपण काही सोडले. तुमचे मत तुम्ही अवश्य नीट समजून घ्या व प्रामाणिकपणे धरा. पण ज्या सोबत्याशी मतभेदामुळे तुमचे बोलणे थांबले असेल, त्याच्याकडे ही सुट्टी संपण्यापूर्वी एकदा आपण होऊन जा; आणि पालकांनी त्यांस त्या घरी जाऊ द्यावे, इतकीच आमची विनंती आहे.