विश्लेषण : ‘कुकचा फ्लोरा’ वऱ्हाडात का पोहोचला नाही? पूल बांधणाऱ्या अभियंत्याने झाडे कशी मोजली?

महाराष्ट्रातील रानात एखादी अनोळखी वनस्पती आढळली, की अभ्यासक आजही एका जुन्या ग्रंथाची पाने उलटतात. ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा तो ग्रंथ. वनस्पतिशास्त्राच्या विभागांमध्ये त्याला नुसते ‘कुकचा फ्लोरा’ म्हणतात. पण अमरावती किंवा अकोल्याच्या विद्यार्थ्याला त्यात स्वतःचा जिल्हा सापडत नाही. मेळघाटासारखे जंगल असूनही वऱ्हाड या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिले. त्याचे कारण झाडांमध्ये नाही, त्या काळच्या नकाशात आहे.

थिओडोर कुक कोण होते?

जन्म १८३६, आयर्लंडमधील ट्रॅमोर. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १८६० मध्ये ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीत, नोकरीला आले. वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल हे त्यांचे त्या काळातील मोठे काम. झाडाझुडपांशी तोवर त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता.

१८६५ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राचार्य झाले. हेच आजचे ‘सीओईपी’. तेथे ते १८९३ पर्यंत राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये अभियंता होऊन याच महाविद्यालयातून बाहेर पडले, तेव्हाही प्राचार्य कुकच होते.

अभियंता वनस्पतींकडे कसा वळला?

१८८० मध्ये या संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. अभियांत्रिकीच्या जोडीला शेती आणि वनविषयक शिक्षणही तेथे दिले जाऊ लागले. शेती आणि जंगल शिकवायचे तर वनस्पतिशास्त्र हवेच. गणेशखिंडीतील वनस्पती उद्यान सांभाळणारे जॉर्ज मार्शल वुड्रो हा विषय शिकवत. घाटमाथ्यावरून, कोकणातून नमुने येत, ते दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवले जात. अशा नमुन्यांच्या संग्रहाला ‘हर्बेरियम’ म्हणतात.

१८९० मध्ये सरकारने भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे ‘बीएसआय’ची स्थापना केली. पुढच्याच वर्षी पश्चिम भारताच्या सर्वेक्षणाची सूत्रे कुक यांच्याकडे आली. दिवसा प्राचार्यपद आणि उरलेल्या वेळात सर्वेक्षण अशी ही दुहेरी जबाबदारी होती.

खरे काम मात्र निवृत्तीनंतरचे. ५७व्या वर्षी नोकरी सोडून ते इंग्लंडला परतले. आपल्याकडे या वयात माणूस नातवंडांत रमतो. कुक यांनी लंडनजवळच्या क्यू येथील राजवनस्पती उद्यानात बसून संपूर्ण मुंबई इलाख्याच्या सपुष्प वनस्पतींची नोंद लिहायला घेतली. पहिला भाग १९०१ मध्ये निघाला तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. शेवटचा १९०८ मध्ये आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९१० मध्ये, क्यू येथेच त्यांचे निधन झाले.

या ग्रंथात वेगळे काय?

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर आधीही पुस्तके होती. १८३९ ची ग्रॅहम यांची यादी होती, डाल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ चा ‘बॉम्बे फ्लोरा’ होता. जोसेफ हूकर यांचा सात खंडांचा ग्रंथ तर सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण देशभराच्या ग्रंथात एका जातीच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात.

कुक यांनी प्रत्येक जातीचे सविस्तर वर्णन दिले आणि ती ओळखण्यासाठी ‘की’ दिली. ‘की’ म्हणजे पर्यायांची साखळी. पाने समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? एकेक पर्याय निवडत शेवटी एका नावापाशी पोहोचायचे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा फ्लोचार्टच वाटेल. शिवाय अनेक झाडांची मराठी नावे आहेत, ठिकाण आहे आणि नमुना कोणी गोळा केला त्याचेही नाव आहे. कानिटकर, रानडे अशी आडनावे त्यात भेटतात. त्यांच्यापुढचे उद्गारचिन्ह आश्चर्याचे नव्हे. लेखकाने तो नमुना स्वतः पाहिला आहे, अशी वनस्पतिशास्त्रातील ती खूण आहे.

यातील रानडे म्हणजे ना. भि. रानडे. त्यांनी आंबा घाटात गोळा केलेल्या घंटेसारख्या फुलांच्या झुडपाला वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ मध्ये ‘अब्युटिलॉन रानडेई’ हे नाव दिले. मराठीत ती सोनघंटा, आणि आज ती सह्याद्रीतील दुर्मीळ वनस्पतींमध्ये गणली जाते. ती कुठे होती हे सांगता येते, कारण त्या वेळी कोणीतरी ठिकाणासह लिहून ठेवले.

मग वऱ्हाड का सुटले?

कुक यांचे काम मुंबई इलाख्याचे होते. सिंधपासून कारवारपर्यंतचा प्रदेश त्यात आला, खानदेशही आला. वऱ्हाड मात्र निजामाचे. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार ब्रिटिशांकडे गेला, पण मुंबईकडे नव्हे. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने तो वेगळा चालला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूरपर्यंतची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून १८६७ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे पोहोचणे अवघड नव्हते. पण गाडी भुसावळ सोडून मलकापूरकडे निघाली की कुक यांच्या ग्रंथाची हद्द संपत असे. सातपुडा तोच, झाडेही बरीचशी तीच, पण अर्धा डोंगर पुस्तकात आणि अर्धा बाहेर.

वऱ्हाडवर काहीच लिहिले गेले नाही असे नाही. विट यांची मध्य प्रांताच्या उत्तर आणि वऱ्हाड वनमंडळांची सूची १९१६ मध्ये आली. तिच्यात वृक्ष, झुडपे, वेली आणि उपयोगी रोपे आहेत. अडचण ‘उपयोगी’ या शब्दात आहे. पावसाळ्यात दोन महिने उगवून जाणारी, कोणाच्या व्यापाराची नसलेली छोटी रोपे अशा यादीत येत नाहीत, आणि दुर्मीळ वनस्पतींत त्यांचाच भरणा मोठा असतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी अमुक रोप पुणे परिसरात होते की नव्हते, हे पडताळायला कुक हाताशी आहेत. गाविलगडच्या उतारांसाठी तशी सोय नाही.

याने फरक काय पडतो?

सफेद मुसळीचे उदाहरण घ्या. मेळघाटातील कोरकू कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या खणत आली. अंजनगाव सुर्जी, अकोट भागातील शेतकऱ्यांनी पानपिंपळीच्या बरोबरीने तिची लागवडही केली. शास्त्रात मात्र या जातीचे नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम’, म्हणजे मुंबईच्या बोरिवलीची. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ती तेथील नमुन्यांवरून नोंदवली. जिथे वनस्पतिशास्त्रज्ञ पोहोचला, तिथले नाव लागले. बाजारात ‘सफेद मुसळी’ म्हणून याच कुळातील इतर जातीही विकल्या जातात. कंद सोलून वाळवल्यावर त्या वेगळ्या ओळखणे कठीण, पण भाव आणि गुण सारखे नाहीत. नेमकी ओळख पटवायची तर पुन्हा फुलाफळासह नमुना आणि वर्णनच लागते.

पुढे काय झाले?

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, बीएसआयने कुकचा फ्लोरा तीन खंडांत पुन्हा छापला. अमरावती, अकोला तेव्हा मुंबईच्या कारभाराखाली होते, पण ग्रंथ जुन्या इलाख्याचाच होता. मेळघाटच्या वनवृक्षांवरचे पटेल यांचे पुस्तक १९६८ मध्ये आले, तोवर व्याघ्र प्रकल्प व्हायला सहा वर्षे होती. अकोला जिल्ह्याचा स्वतंत्र ‘फ्लोरा’ कांबळे आणि प्रधान यांनी लिहिला, तो बीएसआयने १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, त्यामुळे वाशीमच्या वाचकांनाही आपली झाडे याच पुस्तकात शोधावी लागतात. संपूर्ण महाराष्ट्राचा, विदर्भासह, बीएसआयचा ग्रंथ १९९६ ते २००१ या काळात तीन खंडांत पूर्ण झाला. कुक यांचा शेवटचा भाग छापून तेव्हा ९३ वर्षे झाली होती.